दोन कमानींची बॅटरी

टॉर्च बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे नापासबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. आलेला प्रत्येक नवा नग त्या छातीएवढ्या उंचीवरून सिमेंटच्या लादीवर सहा वेळा पाडत, बादलीत अर्धा तास बुडवत, एक दिवस बर्फाच्या कपाटात आणि एक दिवस भट्टीत ठेवत. एवढं सोसून तो पेटला तरच त्याच्या कागदावर हिरवा शिक्का बसे. लाल शाईची बाटली दर दोन महिन्यांनी संपायची. हिरवी मात्र बाई नोकरीला लागल्यापासून तीच होती, असं पॅकिंगमधल्या बायका सांगत. पॅकिंगमधल्या बायका थोडं वाढवूनच सांगत, तो भाग वेगळा.

त्या वर्षी भांडण पेटलं ते नग सतरावरून. विक्रीप्रमुखांना त्या टॉर्चच्या शेपटीला एक भोक हवं होतं, त्यात वायर घातली की फोन चार्ज झाला पाहिजे.

"माणूस घराची चावी विसरेल, फोन विसरत नाही," विक्रीप्रमुख म्हणाले. "आजकाल टॉर्च विकायचा तर तो फोनच्या उपयोगी पडायला हवा."

"टॉर्चनं उजेड द्यावा," नापासबाई म्हणाल्या. "चमच्याला दात काढले की त्यातून सूप गळतं, आणि घासही नीट टोचला जात नाही."

कारखान्याची मालकीण दोघांचं ऐकत पेन्सिलीला टोक करत बसली होती. वडिलांच्या जागी बसून तिला सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की बैठकीत माणसं स्वतःबद्दल बोलतात आणि समजतात की गिऱ्हाइकाबद्दल बोलतोय.

"बाई, तुम्ही एक नग घरी न्या," ती म्हणाली. "चौदा दिवस. आत नोंद ठेवणारी चकती बसवली आहे. किती वेळ उजेड दिला, किती वेळ फोनला वीज दिली, परत कधी भरला, सगळं मिनिटासकट लिहिलं जाईल. घरच्यांना फक्त वापरा म्हणा. चकतीचं बोलू नका, नाहीतर माणसं शहाण्यासारखी वागायला लागतात."

नापासबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. घरात पाच माणसं: त्या, शाळेची बस चालवणारा नवरा, चौदा वर्षांची लेक, सासूबाई आणि सासरे. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी टॉर्च ठेवला. घरात त्याला कुणी टॉर्च म्हणत नसे, बॅटरीच म्हणत.

"ही बॅटरी चौदा दिवस दाराच्या मागच्या खिळ्याला राहील," त्या म्हणाल्या. "फोनही चार्ज होतो हिच्यावर. वापरा आणि काय वाटतं ते सांगा."

"म्हणजे पॉवर बँकच की," लेक म्हणाली आणि परत आपल्या पुस्तकात गेली.

नवऱ्यानं ती हातात घेऊन भिंतीवर गोल उजेड पाडून पाहिला. "छान आहे. पण उजेड तर फोनमध्येही असतो."

सासूबाईंनी हातही लावला नाही. "उजेडही देणार आणि वीजही वाटणार. एक ना धड, भाराभर चिंध्या," एवढं बोलून त्यांनी भाजीचं भांडं उचललं.

सासऱ्यांनी ती नेऊन खिळ्याला अडकवली. ते तसे अलीकडे कमीच बोलत. चाळीस वर्षं त्यांनी कोपऱ्यावरच्या एवढ्याशा दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. दोन वर्षांपूर्वी मान अशी धरली, की आठवडाभर माणूस नुसता डावीकडेच बघत होता. डॉक्टरांनी मान खाली घालून काम करायला बंदी केली. सासूबाईंनी डॉक्टरांच्या एक पाऊल पुढे जाऊन सगळी हत्यारं एका पेटीत भरली, पेटी इमारतीच्या तळघरात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोचली. "आता एकाही घड्याळाला हात लावणार नाही," असं त्यांनी नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं. तेव्हापासून सासरे सकाळी वाचनालयात जात, दुपारी जेवून गच्चीवर हवा खायला जात, आणि घरातलं एखादं घड्याळ मागे पडलं तरी मान फिरवून घेत. मान आता फिरत होती, तेवढं एक बरं.

सात दिवस भरल्यावर नापासबाईंनी बॅटरी कारखान्यात नेऊन चकती वाचली. उजेड: सात दिवसांत मिळून नऊ मिनिटं. ती नऊही बहुतेक पहिल्याच दिवशी नवऱ्यानं भिंतीवर पाडलेली. फोनला दिलेली वीज मात्र बघून त्यांनी चष्मा पुसला. रोज दुपारी दोन-दहा ते तीन-पन्नास, एकही दिवस खाडा नाही. आणि चार वाजता कुणीतरी बॅटरी परत वीज भरायला लावत होतं, इतक्या शिस्तीत, की कारखान्यातल्या माणसांनाही जमलं नसतं.

दोन ते चार या वेळात नवरा बस घेऊन रस्त्यावर असे. लेक त्याच्या बसमध्ये किंवा शाळेत. सासूबाई झोपलेल्या. राहता राहिलं कोण, हे कळायला गणित लागत नव्हतं. पण घरात प्रत्येक खोलीत भिंतीला प्लग असताना सासऱ्यांना बॅटरीवर फोन चार्ज करायची गरज काय, हे काही केल्या उलगडेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अडीचच्या सुमाराला चपला हातात घेऊन गच्चीचा जिना चढल्या. आपल्याच सासऱ्यांच्या पाळतीवर जाताना त्यांना जरा लाजही वाटत होती.

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. टाकीच्या सावलीत सासरे रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर ताठ बसले होते. समोर कठड्यावर विटेला टेकवलेला फोन, फोनला लावलेली वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला नग सतरा.

"घाई नको," सासरे फोनला सांगत होते. नापासबाईंनी हा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. "स्क्रू नंतर. आधी कमान उतरवून घ्या. भरलेल्या स्प्रिंगशी खेळ नको, बोटं सोलून काढील. हं, आता खटका दाबा आणि चावी हळूहळू सोडा. ऐकू येतंय ना? कर्र, कर्र. येऊ द्या."

फोनच्या पडद्यावर पोटात उघडं पडलेलं एक भिंतीवरचं घड्याळ आणि एका बाईचे दोन हात दिसत होते. मग कर्र-कर्र थांबलं आणि त्या बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की गच्चीवर ऐकू आला.

सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. सुनेला बघून त्यांचा चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा झाला.

"पाच मिनिटं," ते फोनला म्हणाले. "चहा घ्या तोवर."

"किती दिवस चाललंय हे, बाबा?" नापासबाईंनी विचारलं.

"चार महिने झाले." त्यांनी नजर टाकीकडे वळवली. "एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोन आला. वडील गेले, त्यांचं घड्याळ बंद आहे, दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही. मी म्हटलं, मी सांगतो, तुम्ही करा. तिनं आणखी कुणाला सांगितलं. आता रोज एकजण तरी असतो. मी हात लावत नाही कशाला. शब्द दिलाय ना. नुसता सांगतो. मानही बघ, सरळच आहे."

"आणि ही बॅटरी?"

"हा फोन म्हातारा झालाय, पोरी. बोलणाऱ्याचं तोंड दिसायला लागलं की वीस मिनिटांत मान टाकतो. मागे एकाची कमान अर्धी उतरली होती आणि इथे फोन बंद. तो बिचारा दोन्ही हातांनी चावी धरून तसाच उभा. मी तीन मजले उतरून खाली, फोन प्लगला लावून तो जिवंत होईपर्यंत त्याची पंचाईत आणि माझा घाम. गच्चीवर प्लग नाही. घरात बसून बोलावं तर तुझी सासू. तू ही बॅटरी आणलीस आणि माझं नशीबच उघडलं."

नापासबाईंना हसू आलं आणि पाठोपाठ चिंताही वाटली. सासऱ्यांचा असा फुललेला चेहरा त्यांना मोडायचा नव्हता, आणि सासूबाईंपासून काही लपवायचीही त्यांना सवय नव्हती.

"आईंना सांगायला हवं, बाबा."

"सांगेन. तुझे ते चौदा दिवस होऊ देत."

"मी सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"चालेल," सासरे म्हणाले आणि पुन्हा फोनकडे वळले. चहा संपला होता बहुतेक, हात परत आले होते.

दहाव्या दिवशी एक उंच, माणसाएवढं घड्याळ आलं. म्हणजे फोनवर आलं. त्याचा मालक मोठा चिकित्सक होता, प्रत्येक चाकाचं नाव विचारून घेई. काम आटपायला पावणेपाच झाले. सासरे घाईघाईनं खाली आले तर सासूबाई उठून बसलेल्या. सासऱ्यांनी बॅटरी पाठीमागे लपवत खिळ्याला अडकवली. परत वीज भरायला लावायची ती राहूनच गेली.

पुढचं नापासबाईंना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, आणि तेही दोन्ही बाजू एकदम बोलल्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी.

झालं असं. सकाळी अकराला दुरुस्तीसाठी इमारतीची वीज बंद केली होती. नेमका तेव्हाच सासूबाईंच्या मनात पडदे काढून दुसरे लावायचं आलं. दुसरे पडदे तळघरातल्या कपाटात. त्या एरवी अंधाराला भिणाऱ्या नव्हत्या, पण तळघर म्हणजे बिनखिडकीची बोळ, दोन्ही बाजूंना प्रत्येक घराची जाळीची खोली, मध्येच कुणाची सायकल, कुणाची मोडकी खुर्ची. म्हणून त्यांनी खिळ्यावरची बॅटरी काढून घेतली. फोन वरच राहिला. बॅटरीनं त्यांना बोळ ओलांडून आपल्या खोलीपर्यंत व्यवस्थित नेलं, दोन मिनिटं उजेड दिला, पिवळी पडली आणि गेली.

परत यावं तर वाटेत सायकल आणि खुर्ची. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईनं अंधारात चाचपडत जाऊन हाड मोडून घेण्यापेक्षा बसून राहावं, हा विचार सासूबाईंनी केला, आणि तो बरोबरच होता. हाताला एक पेटी लागली, तिच्यावर त्या बसल्या. दोनदा हाक मारली. मग हाका मारणं सोडून दिलं आणि मनातल्या मनात कुणाकुणाला काय काय सुनवायचं, याची यादी करत राहिल्या.

सासरे बाराला पाच कमी असताना वाचनालयातून आले. दार नुसतं लोटलेलं, घरात कुणी नाही, जुने पडदे काढून खुर्चीवर टाकलेले, खिळा रिकामा. आदल्या दिवशीचं पावणेपाचचं त्यांना तिथल्या तिथे आठवलं. फोनचा दिवा लावून ते तीन मजले आणि त्याखालच्या तळघराच्या पायऱ्या असे उतरले, की त्या वयात उतरू नये.

"अहो, इकडे," बोळीच्या टोकाकडून आवाज आला. "जपून. सायकल आहे."

त्यांनी जवळ जाऊन दिवा वर केला. सासूबाई नवऱ्याच्याच हत्यारांच्या पेटीवर बसल्या होत्या, मांडीवर मेलेली बॅटरी.

"लागलं का कुठे?"

"मला काय होतंय. हिला कुणी उपाशी ठेवलं ते आधी सांगा."

सासऱ्यांनी तिथेच, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चार महिने, गच्ची, टाकी, कमानी, सगळं. सासूबाई ऐकत होत्या. सांगून झाल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या, "म्हणजे चार महिने मी दुपारी झोपते आणि तुम्ही गच्चीवर परक्या बायकांशी गप्पा मारता." मग त्यांनी हात पुढे केला आणि सासऱ्यांनी तो धरून त्यांना वर नेलं.

संध्याकाळी बॅटरी टेबलाच्या मधोमध आरोपीसारखी पडली होती आणि भोवती सगळं घर.

"दिवा म्हणजे दिवा," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं आपलं तेवढं बघावं. गावाला वीज वाटत फिरू नये."

"पण फोनमध्ये जीव होता म्हणून तर मी तुला शोधलं," सासरे म्हणाले. "आणि तो जीव हिनंच दिलेला."

"हिचा जीव काढून त्यात घातला, आणि वर उपकार सांगताय."

नवरा म्हणाला, "फोन बरोबर ठेव, आई, म्हणजे बॅटरी लागणारच नाही."

"आणि फोन मेला तर?" लेकीनं विचारलं. "मग बॅटरी लागेल. म्हणजे दोन्ही लागतं, बाबा."

खरं तर नापासबाईंनी खूश व्हायला हवं होतं, कारण असंच काहीतरी होईल असं त्या बैठकीत बोलल्या होत्या. पण गच्चीवरचा तो आवाज डोक्यातून जात नव्हता. हिला नुसता उजेडाचा दांडा करून टाकला तर उद्या दोन-दहाला सासऱ्यांनी काय करायचं?

"बाबा, चिडू नका," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "पण तुम्ही एवढी वीज घेतलीत, की हिच्याकडे स्वतःसाठी काही उरलंच नाही. हे कसं थांबवायचं? माणूस घेताना थांबत नाही. तुम्ही शिस्तीचे, तरी तुमचंही एक दिवस राहिलं."

सासऱ्यांनी बॅटरी उचलून उलटीपालटी करून पाहिली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पेटीची किल्ली दे."

"कशाला?"

"हात लावत नाही. दाखवतो फक्त."

सासूबाईंनी किल्ली काढून नातीच्या हातात दिली. नात आपल्या वडिलांना घेऊन तळघरात गेली आणि दोघं मिळून पेटीच वर घेऊन आले. सासऱ्यांनी तिच्यात हत्यारांखाली ठेवलेलं एक जुनं ठोक्यांचं घड्याळ नातीला काढायला सांगितलं. त्याच्या तबकडीत चावी द्यायची दोन भोकं होती.

"ही दोन का, सांग बघू," ते म्हणाले.

"एक जास्तीचं?"

"एक काटे चालवायच्या कमानीचं आणि दुसरं ठोक्यांच्या कमानीचं. आत दोन वेगळ्या स्प्रिंगा आहेत. ठोके देऊन देऊन दुसरी उतरली, की घड्याळ मुकं होतं. बंद पडत नाही. वेळ दाखवायचं आपलं काम पहिली कमान करतच राहते, कारण तिच्यातलं ठोक्यांना घेताच येत नाही. शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांना हे कळलं होतं. माणसाला ठोके आवडतात, पण घड्याळ घेतलेलं असतं वेळेसाठी."

नातीनं दोन्ही भोकांवर बोट ठेवून पाहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या गप्पा संपल्या तरी माझा उजेड राहील."

"तेच म्हणतोय मी."

"मग तसं आधी म्हणायचं. एवढी पेटी वर आणवलीत."

पंधराव्या दिवशी नापासबाईंनी बैठकीत कागद ठेवला. चौदा दिवसांत उजेड एकोणीस मिनिटं, फोनला वीज एकवीस तास. विक्रीप्रमुखांनी तो आकडा दोनदा मोठ्यांदा वाचला आणि खुर्चीत मागे रेलले.

"बघितलंत? मी काय म्हणत होतो?"

"बरोबर म्हणत होतात," नापासबाई म्हणाल्या. विक्रीप्रमुख पुन्हा सरळ बसले, कारण हे वाक्य त्यांनी बाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "आणि अकराव्या दिवशी उजेडाची खरी गरज पडली, तेव्हा तो दोन मिनिटं मिळाला. माझ्या सासूबाई पाऊण तास तळघरात पेटीवर बसून होत्या."

मालकिणीनं पेन्सिल खाली ठेवली. "मग पास की नापास?"

"आहे तसा नापास. आत दोन सेल हवेत. एक फक्त दिव्याचा, त्याला फोनची वायर लागताच कामा नये. दुसरा वाटायला मोकळा. तो संपला की संपला."

"जाड होईल," विक्रीप्रमुख म्हणाले. "जडही होईल."

"होईल."

मालकिणीनं नग सतरा हातात घेऊन दोनदा वरखाली केला, जसा एखादा भाजीचं वजन हातानं जोखतो. "सासूबाई आता कशा आहेत?" तिनं विचारलं.

"बऱ्या आहेत. पडदे लावून झाले."

"करून बघू," मालकीण म्हणाली.

करायला पाच महिने लागले. दोन सेलवाला पहिला नग चौथ्याच आपटीत उघडला, दुसऱ्यात बादलीचं पाणी शिरलं. नापासबाईंनी दोन्हींवर लाल शिक्का मारला आणि विक्रीप्रमुखांनी दोन्ही वेळा तोंड वाकडं केलं. तिसरा सगळं सोसून पेटला. त्याच्या कागदावर हिरवा शिक्का बसला तेव्हा पॅकिंगमधल्या दोघी मुद्दाम बघायला आल्या. बाजारात तो विक्रीप्रमुखांनी म्हटलं होतं तेवढा खपला नाही आणि नापासबाईंना भीती होती तेवढा पडूनही राहिला नाही. बऱ्यापैकी चालला.

घरी सासऱ्यांचं गच्चीवर जाणं सुटलं. आता ते दुपारी जेवणाच्या टेबलाशी, खिडकीजवळ, भिंतीतल्या प्लगला फोन लावून बसतात. अटी सासूबाईंनी घातल्या: मानेमागे उशी, एका घड्याळाला एक तास, आणि चार वाजता चहा. त्या आता दुपारी झोपत नाहीत. शेजारीच काहीतरी निवडत बसतात आणि ऐकतात.

परवा एक गृहस्थ फोनवर तक्रार करत होते, की त्यांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे जातं. सासरे त्यांना लंबकाखालची चकती थोडी उतरवायला सांगणार, इतक्यात सासूबाईंनी मान पुढे काढून पडद्यात डोकावलं.

"घरात किती माणसं आहेत तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"मग राहू द्या दहा मिनिटं पुढे. निदान जेवायला तरी वेळेवर येतील."

गृहस्थ म्हणाले, बायकोला विचारून सांगतो.